मोटार नवी आली, जाळी कुठे आहे?

सोयाबीनच्या सुगीत आमच्या वस्तीतली एक भगिनी नळदुर्गच्या शिवारात हडंब्यावर कामाला गेली होती. आभाळ भरून आले होते. पाऊस यायच्या आत रास झाली पाहिजे म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. हडंबा जुनाच होता, पण त्याला जोडलेला ट्रॅक्टर त्याच वर्षी घेतलेला. हडंब्याच्या तोंडावरचे पत्र्याचे झाकण कधीचेच काढून टाकलेले होते, कारण त्यात पेंढी अडकते आणि काम मागे पडते. दिवे लागणीच्या सुमारास पेंढीबरोबर तिचा हात आत गेला आणि उजव्या हाताची तीन बोटे गेली. तिला सोलापूरला नेले. तुटलेली बोटे सोबत न्यायची असतात, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. ती तशीच राशीत राहिली.

मालकाने दवाखान्याचे पैसे दिले. "माणुसकी म्हणून देतो," असे म्हणाला. वस्तीनेही त्याचे उपकार मानले. आज त्या भगिनीला भाकरी थापता येत नाही. आठवीतली मुलगी शाळेत जायच्या आधी भाकऱ्या करून जाते.

आम्ही हा लेख त्या मालकाला शिव्या द्यायला लिहीत नाही. तो वाईट माणूस नाही. प्रश्न असा आहे की, नवा ट्रॅक्टर घ्यायला पैसा निघाला, पण पत्र्याचे झाकण पुन्हा बसवायला वेल्डिंगवाल्याकडे अर्धा दिवस घालवावा, असे कोणालाच का वाटले नाही? मालकाला वाटले नाही, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला वाटले नाही आणि खरे बोलायचे तर आम्हालाही वाटले नव्हते. त्या झाकणाशिवायच्या हडंब्यावर आमच्या घरातल्या बायका तीन सुग्या कामाला जात होत्या.

यंत्र वैरी नाही

अशी घटना घडली की वस्तीतली जुनी माणसे म्हणतात, "बैलाची मळणीच बरी होती." हे आम्हाला पटत नाही. बाबासाहेबांनाही पटले नसते. यंत्राने माणूस बिघडतो म्हणणाऱ्यांना त्यांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवरील आपल्या ग्रंथात उत्तर दिले आहे. त्यांचे म्हणणे असे की, दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेत चालते तिचा आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत मिळाली तरच तो शिकतो, विचार करतो. पहाटे जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. पिठाची गिरणी आली तेव्हा सर्वांत जास्त सुटका त्यांचीच झाली.

पण बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या खात्याची. देशातल्या कारखान्यांच्या सुरक्षेबाबत सल्ला देणारे मुख्य सल्लागाराचे कार्यालय १९४५ साली सुरू झाले, तेही याच खात्यात. मुंबईत शीव येथे असलेली केंद्रीय श्रम संस्था पुढे याच कार्यालयाच्या पसाऱ्यातून उभी राहिली. थकलेल्या माणसाचा हात यंत्रात लवकर जातो. म्हणून कामाचे तास कमी करणे हीसुद्धा सुरक्षाच आहे.

याआधीची एक गोष्ट आपल्या घराघरांत सांगायला हवी. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खात्याला पगार चांगला होता, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकर खाते सर्वांना खुले करा, असा आग्रह धरला.

आता आरोग्याच्या बाजूने बघा. एकाच धोट्याला दहा जणांनी तोंड लावायचे, तर क्षयासारखा रोग तोंडातोंडी पसरण्याची भीती असणारच. शिवाय धाग्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाणार. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने धागा ओढायची ही पद्धत १९११ सालीच कायद्याने बंद केली. धागा आपोआप ओवून घेणारे धोटे तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच निघाले होते. म्हणजे मागावरचा एक सुटा भाग बदलला असता, तर कामगाराची छातीही वाचली असती आणि विटाळाचे निमित्तही गेले असते. माग तोच राहिला असता. फक्त धोटा बदलायचा होता.

म्हणून आम्ही म्हणतो की, जुन्या यंत्रात कोणता भाग नवा बसवायचा, हा केवळ मिस्त्रीचा प्रश्न नसतो. त्या यंत्रावर कोणाचा हात असतो आणि त्या हाताची किंमत कोण किती धरतो, हा खरा प्रश्न असतो.

वेग वाढला, झाकण गेले

आमच्या भागात यंत्रे नवी होत आहेत. इंजिने गेली, मोटारी आल्या. हडंबा ट्रॅक्टरवर चालू लागला. कडबाकुट्टी हाताने फिरवायची असे, तिला दोन-तीन हॉर्सपॉवरची मोटार बसली. सगळे नवे घेणे परवडत नाही, म्हणून जुन्या सांगाड्यालाच नवी ताकद जोडली जाते. यात काही चूक नाही. चूक पुढे होते.

पूर्वी हडंबा लहान इंजिनावर चालायचा. घास जास्त झाला की इंजिन दबायचे, धापा टाकायचे, कधी बंदच पडायचे. ती आपोआप मिळालेली सूचना होती. चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दबत नाही. पेंढी असो की हात, तो ओढतच राहतो. ट्रॅक्टरमधून यंत्राला ताकद देणारा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पदराचे टोक त्यात गुंतले, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. जुन्या ताकदीला जे झाकण पुरत होते, ते नव्या ताकदीला पुरेलच असे नाही. इथे तर जुनेही काढून टाकलेले असते.

दुसरी गोष्ट स्टार्टरची. साध्या स्टार्टरमध्ये लाइट गेली की स्टार्टर पडतो. लाइट परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. ही सोय मुद्दाम केलेली असते. विहिरीवरच्या पंपाला रात्रीबेरात्री चालू करायला जाणे नको, म्हणून शेतकरी त्याला 'ऑटो' बसवतो. पंपावर ते चालून जाते. पण तोच ऑटोचा स्टार्टर लोक कडबाकुट्टीला, गिरणीला लावतात. लाइट गेली, कुट्टीत कडबा अडकला म्हणून बाई हात घालून साफ करू लागली आणि तेवढ्यात लाइट आली. पुढे काय होते ते लिहायची गरज नाही. माणसाचा हात जिथे पोहोचतो, त्या यंत्राला ऑटो असताच कामा नये. आणि हात घालण्याआधी लाइट असो वा नसो, मेन स्विच पाडलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट वायरिंगची. यंत्र नवे येते, पण वायर आजोबांच्या काळातली असते. अर्थिंगची तार कुठे तरी मातीत खोचलेली असते, तिला ओल नसते. सोलापूर आपल्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर. आपली कितीतरी मुले तिथल्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत जातात. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यांत मालक होते, त्यांच्या घरातले लहान मूल होते आणि कामगारही होते. धुराने मालक आणि मजूर असा भेद केला नाही. सुरक्षा ही कामगाराची कटकट आहे असे ज्यांना वाटते, त्या मालकांनी ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी.

नळदुर्गच्या किल्ल्यात आपण मुलांना पाणी महाल दाखवायला नेतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आदिलशाहीत बोरी नदीवर बंधारा बांधला, त्याच्या पोटात महाल केला. नदीला पूर येणार हे बांधणाऱ्याला माहीत होते. म्हणून जादा पाणी निघून जायला वाट ठेवली. तेच नर आणि मादी धबधबे. पाणी डोक्यावरून जाते आणि महाल जागेवर राहतो. वाट आधी ठेवली, मग पाणी अडवले. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला जे कळत होते, ते आपल्याला हडंब्याला ट्रॅक्टर जोडताना का कळू नये?

कामाला जाण्याआधी काय बघावे

आम्ही वस्तीतल्या मिस्त्री, वायरमन आणि कामाला जाणाऱ्या बायांशी बोलून पुढील गोष्टी काढल्या आहेत. यांना शिक्षण लागत नाही, फक्त दोन मिनिटे थांबून बघावे लागते.

१. हडंब्याचे घास घालायचे तोंड लांब आहे का? मळणीयंत्राच्या भारतीय मानकाप्रमाणे ही पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा आतला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. म्हणजे हात लांब केला तरी ड्रमपर्यंत पोहोचत नाही. टेप नसेल तर आपल्या हातानेच मोजा. झाकणाच्या आत खांद्यापर्यंत हात घालून ड्रम लागत असेल, तर ते यंत्र धोक्याचे आहे. हे मोजणे यंत्र पूर्ण बंद असताना, ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतल्यावरच करावे.

२. फिरणारा पट्टा, पुली, दांडा आणि दातेरी चाके यांवर जाळी किंवा पत्रा आहे का?

३. बंद करायचे बटण घास घालणाऱ्याच्या हाताशी आहे का? ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्रापाशी ट्रॅक्टर सोडून ड्रायव्हर तंबाखू मळायला गेला, तर काम थांबवा.

४. स्टार्टरला ऑटो तर नाही ना? अर्थिंग आहे का? गळतीचा करंट लागताच लाइट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवला आहे का?

५. आपले कपडे. पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी बाजूला ठेवा, वेणीचा अंबाडा करा, हातात सैल बांगड्या-दोरा नको. गिरणीत दळण न्यायलाही हेच लागू.

६. मुलांना यंत्रापासून लांब ठेवा. अंधार पडल्यावर मळणी नको. आणि दारू प्यालेल्याला यंत्राला हात लावू देऊ नका, तो आपल्या घरातला असला तरी.

उपकार नव्हे, हक्क

कायदा काय सांगतो? धोकादायक यंत्रे विनियमन अधिनियम १९८३ साली झाला. खेड्यापाड्यांत मळणीयंत्रात हात जात होते, म्हणूनच तो झाला आणि त्यात मळणीयंत्राचे नावच घेतलेले आहे. कारखान्यांसाठी १९४८ चा कारखाना कायदा होता. फिरत्या भागांना कुंपण घालणे ही मालकाची जबाबदारी असे त्यात स्पष्ट लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० आली. कामाच्या जागेच्या सुरक्षेची माहिती मागायचा हक्क तिने कामगाराला दिला आहे. गंभीर इजेची भीती दिसली, तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवायचाही हक्क दिला आहे. पण विजेवर चालणाऱ्या जागी २० कामगार असले तरच ती जागा 'कारखाना' ठरते. गिरणीत, रसवंतीत, वेल्डिंगच्या दुकानात, हडंब्यावर कुठे वीस माणसे असतात? आपली बहुतेक माणसे जिथे राबतात, तिथपर्यंत निरीक्षक पोहोचतच नाही. ही उणीव आहे आणि ती आपल्या संघटनांनी मागणी म्हणून पुढे आणली पाहिजे.

भरपाईचे मात्र तसे नाही. १९२३ चा भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. शेतात वीज किंवा इंजिनावर चालणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्या मजुराला वीस माणसांची अट नाही. कोणते अंग गेले तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याची यादीच कायद्यात आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची तीन बोटे गेली तरी ३० टक्के, चार बोटे गेली तर ५० टक्के.

आमच्या भगिनीचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. रोज ३०० रुपये, म्हणजे महिना ९,००० धरू. त्याचे ६० टक्के ५,४००. वय ३० असेल तर गुणांक २०७.९८. गुणाकार येतो ११ लाख २३ हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ३७ हजार रुपये. मालकाने माणुसकी म्हणून जे दिले ते दवाखान्याचे बिल होते. कायद्याने तिला जे मिळायला हवे होते ते हे.

त्याच कायद्यातली एक अट प्रत्येक मजुराने पाठ करावी. यंत्राचे संरक्षक झाकण कामगाराने स्वतः मुद्दाम काढले असेल आणि त्यामुळे इजा झाली, तर भरपाई नाकारता येते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तरच ही अट आड येत नाही. म्हणून कोणी म्हणाले, "काढ ते झाकण, काम उरक," तर आपल्या हाताने काढू नका. झाकण काढण्याचा हुकूम त्याचा आणि दोष तुमचा, असे होईल.

सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. ती मृत्यूला दोन लाख देते. पण ती सातबारा असणाऱ्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नाही, त्या मजूर बाईचा हात त्याच हडंब्यात गेला तर ती योजना तिच्यासाठी नाही. एकाच यंत्राजवळ उभ्या असलेल्या दोन माणसांत सातबाऱ्याने अशी रेघ ओढावी, हे आम्हाला मान्य नाही.

बोलायचे कोणी?

आम्हाला माहीत आहे, आपण काय म्हणाल. "एकटी बोलली तर उद्या बोलावणार नाही. दुसऱ्या वस्तीतली नेतील." हे खरे आहे. म्हणूनच एकटीने बोलू नये. रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटे या गोष्टीला द्या. सुगी सुरू व्हायच्या आधी टोळीने ठरवा की, झाकण नसलेल्या हडंब्यावर आपल्यातली कोणीही जाणार नाही. आणि ही गोष्ट मालकाला भांडून नव्हे, आधी जाऊन सांगा. "भाऊ, झाकण बसवून घ्या, आम्ही येतो." झाकणाचा खर्च एका दवाखान्याच्या फेरीपेक्षा कमी आहे, हे त्यालाही कळते.

"झाकण लावले तर काम हळू होते," असेही ते म्हणतील. थोडे होते. पण हात गेला की त्या दिवसाचे काम बंदच पडते.

आणि एक गोष्ट आपल्याच माणसांना. आपली काही मुले आता मालक झाली आहेत. कोणी गिरणी टाकली, कोणी वेल्डिंगचे दुकान काढले, कोणी बँकेच्या कर्जावर यंत्रमाग घेतले. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्यांच्याही पट्ट्यावर जाळी नसते. ज्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या दुकानात कामगाराचा हात उघड्या पट्ट्याजवळ असावा, हे शोभत नाही. सम्यक आजीविका म्हणजे दुसऱ्याला इजा न करता कमावलेली भाकरी. कर्जाचा प्रस्ताव करताना यंत्राच्या किमतीतच जाळी, अर्थिंग आणि स्विच धरा. ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे, त्यांनी यंत्रासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला आणि महिलेला कृषी यांत्रिकीकरणात ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. यंत्र घेताना पन्हळीची लांबी मोजूनच घ्या.

आणि अपघात झालाच तर

आधी यंत्र बंद करा. मगच माणसाला हात लावा. शॉक लागला असेल तर मेन पाडल्याशिवाय स्पर्श करू नका. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, माती, चहापूड, डिझेल काहीही लावू नका. १०८ ला फोन करा. तुटलेले बोट शोधा, स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, मांस मरते. पेशंटबरोबरच ती पिशवी न्या. जितका उशीर, तितकी बोट जोडण्याची आशा कमी. दवाखान्यात अपघात यंत्रात झाला असे कागदावर लिहून घ्या. "पडली" असे सांगू नका. कोणाच्या शेतात, कोणत्या यंत्रावर, किती वाजता, हे लिहिलेले असेल तरच भरपाईचा दावा उभा राहतो. यंत्राचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, झाकण होते की नव्हते ते त्यात दिसू द्या.

या सुगीत आमच्या वस्तीतल्या बायांनी ठरवले आहे की, आधी हडंबा बघायचा, मग पेंढीला हात लावायचा. ती भगिनीही त्या बैठकीला आली होती. ती फार बोलली नाही. उजवा हात पदराखाली झाकून बसली होती. उठताना एवढेच म्हणाली, "ते झाकण तिथंच बांधावर पडलं होतं. मी रोज त्याच्यावर बसून भाकरी खायचे."